नोटीस ग्रुपवर होती

माझ्या जुन्या फोनला रबरबँड होता. मागचं झाकण सैल झालं, तेव्हा वर्तमानपत्राला गुंडाळून येणारा रबर त्याला आयता बसला. नोकिया 1100. 2003 साली बाजारात आला, जगभर 25 कोटींहून जास्त खपला. त्यातला एक माझ्या खिशात. जिन्यावरून पडला की त्याचे तीन भाग व्हायचे: झाकण, बॅटरी आणि फोन. तीन पायऱ्यांवरून ते गोळा करून जोडले की साहेब पुन्हा कामावर रुजू. डोक्यावर टॉर्च, आठवड्यातून दोनदा चार्जिंग, बाकी तक्रार नाही.

घरात आमची मिस्ड कॉलची भाषा होती. एक म्हणजे पोचलो. दोन म्हणजे येताना दूध आणा. तीन म्हणजे पाहुणे बसलेत, जरा उशिरा या. इतकी वर्षं संसारातलं बरंचसं बोलणं आम्ही फुकटात उरकलं.

पैशांसाठीही मला स्मार्टफोन लागत नव्हता. *99# लावलं की साध्या फोनवरूनही यूपीआय चालतं. चालतं म्हणजे काय, चालत चालत जातं. मंडईत कांदेवाल्याला 60 रुपये द्यायला मी हे लावलं. आधी एक दाबा, मग नंबर, मग रक्कम, मग पिन. आणि पिनच्या शेवटच्या आकड्याला सगळं गायब. वेळ संपली. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला मागच्या बाई म्हणाल्या, "काका, कांद्यांना कोंब फुटतील हो." शेवटी कांदेवालाच म्हणाला, "राहू द्या, उद्या द्या." पैसे देण्याची ही पद्धत मला सगळ्यांत आवडली.

पण एका रविवारी घात झाला. अंगभर साबण लावून नळ सोडला, तर नळाने नुसता उसासा टाकला. बादलीत पाणी तळाला. तसाच टॉवेल गुंडाळून हिला फोन लावला. ही माहेरी, मिरजेला.

"अहो, आज टाकी धुणार आहेत ना! काल ग्रुपवर आलंय."

पूर्वी अशी नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहीत. आता मिरजेत बसून हिला आमच्या टाकीची बातमी होती आणि टाकीखाली उभं राहून मला नव्हती. माठातल्या चार तांब्यांनी साबण उतरवला (जानेवारी होता, हे सांगायला हवं) आणि संध्याकाळी दुकान गाठलं.

"काका, रॅम किती हवी?" दुकानातल्या पोराने विचारलं.

"टॉर्च आहे का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रबरबँडकडे, आणि पुढचं सगळं त्यानेच ठरवलं.

नवा फोन शर्टाच्या खिशात मावत नाही. अर्धा बाहेर डोकावत राहतो, खिडकीत बसलेल्या शेजाऱ्यासारखा. कानटोपी घातली की मला ओळखत नाही. पहिला फोन हिचाच आला, मी जिन्यात असताना. हिरवा गोल दाबला. आणखी जोरात दाबला. आपण डोअरबेल दाबतो तसा अंगठा टेकवून उभा राहिलो, तरी आपला वाजतोच आहे. खालून वॉचमन ओरडला, "काका, दाबू नका, वर ढकला!" मी ढकलला. सगळा फोनच वर गेला आणि तिथून पायऱ्या मोजत खाली.

धावत जाऊन सवयीने तीन भाग शोधू लागलो. एकच होता. काचेवर मात्र कोळ्याने जाळं विणलेलं. काच बदलायचा जो भाव सांगितला, त्यात जुना फोन दोनदा आला असता.

काच तशीच ठेवली आहे. वरून तोच रबरबँड लावलाय. नंबरही तोच आहे. फोन पहिल्या खेपेला कट झाला तर मी कापला असं मनाला लावून घेऊ नका, पुन्हा करा. आणि टाकी धुवायची असेल, तर कृपा करून फळ्यावरही लिहा.