धुक्यातले गाजर

जलरंगातील निसर्गचित्रात धुके, फिकट डोंगर आणि पुढे एकटाच उभा असलेला काळा माणूस एवढी सामग्री जमली, की रसिकांना त्यात मानवाचे सनातन एकाकीपण दिसू लागते. चित्रकाराला मात्र बहुधा नाक-डोळे काढायचे नसतात. तपशील गाळून बाह्याकार सपाट गडद रंगाने भरला, की त्या आकृतीला छायाकृती म्हणतात. तिचे ‘सिल्हूट’ हे युरोपीय नाव १७५९ मध्ये जेमतेम आठ महिने फ्रान्सचा अर्थमंत्री राहिलेल्या एतिएन द सिल्हूएतवरून आले. त्याच्या काटकसरीला लोक इतके विटले, की जे जे स्वस्त ते ते त्याच्या नावावर खपू लागले, आणि काळा कागद कातरून केलेली व्यक्तिचित्रेही त्यातच गेली, असे सांगतात.

धुक्याचे काम बव्हंशी पाणीच करते. ओल्या कागदावर ओला रंग सोडला, की कडा आपोआप विरघळतात आणि दूरचे डोंगर फिके, निळसर होतात. या परिणामाला वातावरणीय यथादर्शन असे भारदस्त नाव असल्याने श्रेय चित्रकाराला मिळते.

खरी कसोटी माणसाची. नळीतला तयार काळा रंग मुर्दाड दिसतो, म्हणून अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळून गडद छटा करावी, कुंचल्याच्या टोकाने डोक्याचा ठिपका द्यावा आणि त्याखाली किंचित फट ठेवून एक उभे गाजर ओढावे, म्हणजे रुंद खांद्यांपासून निमुळता होत जाणारा फटकारा. पावलांचा मोह टाळावा, कारण पावले आली की माणूस चालायचा थांबतो. कागदाची चमक जाण्याआधीच कुंचला टेकला, तर पांथस्थ पसरून त्याचे अस्वल होते. अशा वेळी त्याच्या हाती छत्री देतात, किंवा चित्र कोकणातले असल्यास त्याला इरले घालतात. पाने आणि बांबूच्या कामट्यांचे हे पावसाळी आच्छादन डोक्यापासून कमरेपर्यंतच्या सर्व चुका पोटात घेते.

कास्पर डेव्हिड फ्रीडरिशने सुमारे १८१८ साली रंगवलेला, हाम्बुर्गच्या संग्रहालयातला धुक्यापुढचा प्रवासी अर्थातच गाजर नव्हे. त्याला हिरवट कोट, काठी आणि वाऱ्याने विस्कटलेले केस आहेत. तरीही दोनशे वर्षांत त्या गृहस्थाचे तोंड कोणी पाहिलेले नाही आणि कोणाची तक्रारही नाही. तो पाठमोरा आहे एवढे तरी निश्चित. गाजराला पाठ-पोट नसते. त्यामुळे प्रदर्शनात ‘हा घरी परततो आहे की घर सोडून निघाला आहे?’ असे कोणी विचारले, की मुरलेला चित्रकार ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे विचारतो, गंभीरपणे मान डोलावतो आणि मिळालेले उत्तर पुढच्या प्रेक्षकाला ऐकवतो.