डोंगरशर्यत आणि घरची शर्यत

सिंहगड, राजगड आणि तोरणा एका दमात गाठणारी ५३ किलोमीटरची शर्यत डिसेंबरात असते. मालवणचा हौशी धावपटू मात्र कॅलेंडर पाहूनच दमतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे वेळ असतो. पण तेव्हा शेतात लावणी आणि चढाचा सराव करावा तर आंबोली घाटात धुवांधार पाऊस. भाद्रपदात घरी गणपती, दिवाळीत होमस्टेवर पाहुणे, मग गावोगावच्या जत्रांतले दहीकाले.

तरी गडी पहाटे वाळूत धावतोच. पाठीला पाण्याची पिशवी, मनगटावर महागडं घड्याळ. रापणीचं जाळं ओढणारे क्षणभर थबकतात.

"पोलीस पाठी लागले काय रे?"

घड्याळ म्हणतं, आज विश्रांती घ्या. बायको म्हणते, आधी नारळ सोला. ‘ताकदीचे व्यायाम’ या रकान्यात तो निमूटपणे नारळांचा आकडा भरतो.