लाडूचा उपास
अमेरिकेतल्या मराठी माणसाने कुत्रा पाळला तर त्याचे फोटो बघावे लागतात. अजगर पाळला तर त्याच्या जेवणाची चौकशी करावी लागते. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमचे असे एक गृहस्थ आहेत. नोकरी सॉफ्टवेअरची, घराणं शुद्ध शाकाहारी आणि बेसमेंटमधल्या काचेच्या पेटीत साडेतीन फुटी बॉल पायथन. घाबरला की डोकं आत घालून गोळा होतो, म्हणून लेकीने नाव ठेवलं लाडू. हौस लेकीची होती. महिन्याभरात कारभार बाबांकडे आला.

लाडू थंडीत जेवत नाही. गृहस्थ हे मंडळाच्या कार्यक्रमात ज्या आवाजात सांगतात, त्यावरून नवख्याला वाटावं की घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. "कालही तोंड फिरवलं हो!"

खरं तर पश्चिम आफ्रिकेतला हा प्राणी उपासासाठी प्रसिद्धच आहे. गारठा पडला, मादीचे वेध लागले, कात टाकायची वेळ आली, नुसती पेटी हलवली, त्याला कुठलंही निमित्त चालतं. धडधाकट मोठा अजगर महिनोन् महिने न खाता राहतो आणि वजनही फारसं उतरू देत नाही. गृहस्थांना हे तोंडपाठ आहे. पण पंगतीतून वाढलेला माणूस! समोरचा 'नको' म्हणाला की ते खरं मानायचं नसतं, हा संस्कार जाणार कुठे?

मग आग्रह सुरू होतो. जिवंत उंदीर सोडला तर तोच अजगराला चावतो, म्हणून गोठवलेला आणतात. खोवलेल्या नारळाशेजारी तो दिसल्यावर बाईंनी गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर मागितला, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून उंदीर सैल करायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात सोडायचा. लाडू ओठांवरच्या खळग्यांनी ऊब ओळखतो, म्हणून गृहस्थ कोविडमधला थर्मामीटर रोखून मेलेल्या उंदराचा ताप बघतात. अडतीसच्या आसपास आला की चिमट्यात धरून नाचवतात. "घे रे राजा, एवढा एकच." लाडू जीभ लवलवतो आणि आपल्या खोप्यात निघून जातो. कुणीतरी सांगितलं, उंदराला कोंबडीच्या सूपचा वास लावा. जन्मात अंडं न फोडलेला हा माणूस सूपचा डबा घेऊन दुकानाच्या रांगेत उभा राहिला.

त्यांच्या आई बत्तीस शिराळ्याच्या माहेरवाशीण. हायकोर्टाने 2002 साली मनाई करण्याआधीची जिवंत नागांची नागपंचमी त्यांनी बघितलेली, त्यामुळे सापांच्या बाबतीत त्या कुणाचंही ऐकत नाहीत.

"वाटीभर दूध ठेवून बघ रे."

"आई, सापाला दूध पचत नाही."

"बाहेरचं असेल. दृष्ट काढ मग."

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी लाडूला वजनकाट्यावर ठेवला. वजन उत्तम. पेटीची एक बाजू बत्तीस अंशांवर ठेवा, हवा दमट ठेवा, लपायला दोन जागा द्या आणि दोन आठवडे हात लावू नका, असं ते लाडूकडे न बघता गृहस्थांकडे बघून म्हणाले. धीर यावा म्हणून त्यांनी एक गोष्टही सांगितली. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 2020 साली साठी ओलांडलेल्या बॉल पायथनने अंडी घातली होती, तीही कित्येक वर्षांत नराचं तोंड न बघता. गृहस्थ सुखावले. बाईंनी मात्र मनात आणखी किती हिवाळे याचा हिशोब मांडला असावा.

दोन आठवडे हात लावला नाही हे खरं. पेटीवर कॅमेरा लावला.

शेवटी ऑफिसच्या कामाने ते डलासला गेले. लेकीने उंदीर कोमट करून खोप्याच्या तोंडाशी ठेवला, पेटीवर चादर टाकली आणि ती झोपायला गेली. सकाळी उंदीर नव्हता.

अभिनंदनाचा फोन केला, तेव्हा आवाज पडलेला. "माझ्या हातचं का नाही खाल्लं?" समजूत काढली. आठवड्याने त्यांचाच फोन आला. मी म्हटलं, आता तरी चिंता मिटली ना?

"मिटली कसली? पोट साफ नाही झालं अजून."