डाव्या पायाची नोकरी

गाडीत उजव्या पायाला दोन कामं आणि डाव्याला एकच. तरी सगळा घोळ डावाच घालतो. उजव्याचं काम दाबायचं असतं, आणि दाबणं माणसाला उपजतच येतं. डाव्याचं काम सोडायचं, तेही हळूहळू, गाडीतल्या कुणाला पत्ता न लागू देता. आमच्या नागपूरच्या नंदनवनात असं काही सोडणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. दारासमोरची पार्किंगची जागा कुणी सोडत नाही, भिंतीवरून झालेलं जुनं भांडण सोडत नाही, आणि पंगतीतली संत्रा बर्फी तर नाहीच नाही.

मला गाडी शिकवली मामाजींनी. मामाजी म्हणजे सासरे; हा खुलासा पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. सिंचन खात्यात नोकरी केलेला माणूस. खात्याची जीप, साहेबांची अँबेसेडर, सगळ्यांवर हात साफ. “त्या अँबेसेडरचा क्लच दाबायला मांडी लागायची पोरी. तुमच्या गाड्यांना अंगठा पुरतो.” ऑटोमॅटिक घेऊ या म्हणून मुलगा मागे लागला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “मग डावा पाय घरी ठेवून यायचा का?”

शिकवणी केडीके कॉलेजच्या मागच्या गल्लीत, सकाळी सहाला. मे महिन्यात नागपुरात त्यानंतर स्टीअरिंगला हात लावता येत नाही. पहिला नियम: चप्पल काढ. दुसरा: एक्सलेटर विसर. टाच जमिनीवर टेकलेली, पंजा क्लचवर, पहिला गिअर टाकलेला, आणि पाय केसाकेसानं वर. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे मारत असतं आणि चाकं शून्य. या दोघांची गाठ घालून देणारी ती क्लच प्लेट. एकदम पाय काढला की चाकं इंजिनला ओढून बंद पाडतात. बेतानं सोडला की प्लेट आधी थोडी घसरते, मग धरते. ती धरते तेव्हा इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, स्टीअरिंग थरथरतं, बॉनेट बोटभर नाक वर करतं. “आता थांब! पाय तिथंच ठेव!” मामाजी ओरडायचे. आणि एक्सलेटरला स्पर्शही न करता गाडी आपली चालू लागायची, आमच्या कामवाल्या मावशींच्या चालीनं. पूर्ण धरली की मगच पाय पूर्ण काढायचा.

पाट्यांचं म्हणाल तर नियमानं ‘एल’ची पाटी पांढरी, अठरा सेंटीमीटर चौरस, अक्षर लाल. ती पाहून बाकीच्यांनी लांब राहावं असा सरकारचा समज असावा. नंदनवनात लोक ती पाहून जवळ येतात. दूधवाला, पानठेल्यावरचे दोघं आणि पूजेची फुलं तोडायला निघालेल्या एक आजी, सगळ्यांचं एकमत: “अजून सोड! अजून सोड!”

शिकवण्यात मामाजींच्या तोडीचा माणूस नाही. चालवण्यात मात्र त्यांचा डावा पाय क्लचवरच मुक्कामाला. तिसऱ्या गिअरला ग्रेट नाग रोडनं चाललेत, तरी पाय तिथंच, “वेळेवर सापडावा म्हणून”. चढाची तर त्यांना भारी हौस. नागपूर सपाट गाव. चढ पाहायचा तर सेमिनरी हिल्स गाठावं लागतं, नाही तर रामझुल्यावर गर्दीत अडकावं लागतं. तिथं मामाजी हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरत आणि आमच्याकडे दाद मागितल्यासारखं पाहत. गाडीत जळका वास यायचा. काच खाली करून म्हणायचे, “समोरच्या ट्रकचा आहे.”

मग गाडी इंजिनाचा आवाज नुसता वाढवू लागली. वेग काही वाढेना. जगनाडे चौकाजवळच्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते निवांत चालत राहिलं. “प्लेट गेली,” मिस्त्री म्हणाला.

क्लच काढायचा म्हणजे आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे पैसे सामानाचे निराळे आणि मजुरीचे निराळे. संध्याकाळी त्यानं पेपरावर सगळं मांडून ठेवलं होतं. प्लेटचं अस्तर झिजून रिव्हेटांपर्यंत आलेलं, फ्लायव्हीलवर तापून उठलेले निळे डाग, रिलीज बेअरिंग हातानं फिरवलं तर खरखरणारं. क्लचवर नुसता पाय टेकला तरी हे बेअरिंग दाबाखाली फिरत राहतं आणि वजन जास्त पडलं की प्लेटची पकडही सैल होते, हे त्यानं बेअरिंग मामाजींच्या हातात देऊनच समजावलं.

“काकाजी, गाडी कोण चालवते?”

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपरातली बातमी वाचू लागले.

“सूनबाई शिकून राहिली आता,” ते म्हणाले.

मिस्त्रीनं ब्रेकच्या पॅडलचं रबर पाहिलं, मग क्लचच्या पॅडलचं. ते तर गुळगुळीत झालं होतं, मधोमध पंजाचा खळगा. “हे शिकणाऱ्याचं काम नाही ना काकाजी,” तो म्हणाला. “याला वर्षं लागतात.”

तेव्हापासून गाडी मी चालवते आणि मामाजी बाजूला बसतात, दोन्ही पाय मांडी घालून. परवा जगनाडे चौकात सिग्नल लागला. मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, डावा पाय बाजूला घेतला. आजूबाजूला सगळे पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, इंचाइंचानं पुढे सरकत होते. सिग्नलला अजून बराच वेळ होता. शेजारच्या स्कूटरवाल्यानं वाकून काचेवर टकटक केली.

“ताई, बंद पडली का? धक्का मारू?”

मामाजींनी पलीकडून मान पुढे काढली. “बंद नाही पडली बाप्पा. तिनं पाय काढला.”

“काहून?”

“हाव ना,” मामाजी म्हणाले, “मीही तेच विचारून राहिलो.”