घोडीच्या पुढची खोली

टेक्सासात ऑगस्टमध्ये ऊन पडत नाही, बसकण मारतं. पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळत असतो आणि अशा उन्हात आमच्या शेजारीणबाई आपल्या घोडीला घेऊन सुट्टी आली रे आली की कुठल्यातरी गावच्या रोडिओला निघतात. रिंगणात तीन पिंपं मांडलेली असतात. त्यांना वळसे घालत घोडी दौडवायची आणि सुसाट बाहेर पडायचं. सगळा खेळ १५-१७ सेकंदांत आटोपतो. तेवढ्यासाठी तासन्‌तास गाडी हाकायची, मैदानात मुक्काम टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तितकंच अंतर परत कापायचं. हिशेबी माणसाला हे पटणार नाही. पण हिशेबी माणूस मुळात घोडा पाळतच नाही.

मुक्कामाची सोय ट्रेलरमध्येच आहे. ॲल्युमिनियमचा तो लांबलचक ट्रेलर पिकअपच्या हौद्यावर मान टाकून बसतो. त्या मानेत बाईंचा पलंग, त्याखालच्या भागात शेगडी, बेसिन, चिमुकली न्हाणी. मग एक भिंत, आणि भिंतीपलीकडे घोडीची तिरकस उभं राहायची जागा. पूर्वी माणूस घोड्यावर बसून मुक्कामाला जाई. आता घोडी माणसाच्या मागे उभी राहून मुक्कामाला येते, आणि प्रवासाचा शीण मात्र माणसालाच अधिक येतो. त्या शिणावर उतारा म्हणून बाईंनी यंदा खोलीत एसी आणि हीटर बसवायचं मनावर घेतलं. मला टेक्सासात दुपारी दुसरं काम नसतं, म्हणून मी सावलीत खुर्ची टाकून हा सोहळा पाहत होतो.

एसी १३,५०० बीटीयूचा, म्हणजे एक टनाहून थोडा जास्तच. पुण्यात एवढ्या यंत्रावर बऱ्यापैकी मोठी झोपायची खोली गार होते. इथे हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. पण पातळ पत्र्याचं घर दिवसभर उन्हात तापत उभं राहतं, त्यापुढे एक टन म्हणजे नुसती विनवणी. छपराला १४ इंच बाय १४ इंचांचा हवेचा झरोका आधीच होता. तो काढून त्या भोकावर रबराची चौकट बसवली, वर एसी ठेवला आणि आतून चार लांब बोल्टांनी त्याला खाली ओढून घेतलं. बोल्ट ढिले राहिले तर पाऊस आत. फार आवळले तर रबर चेपून जातं आणि पाऊस पुन्हा आतच. नव्या व्याह्यांशी जितकी सलगी करावी तितकंच आवळायचं, असा माझा अंदाज. मी तो बोलून दाखवला नाही.

घोडं पेंड खातं ते विजेपाशी. मैदानावर ३० अँपियरची जोडणी मिळाली तर प्रश्न नाही. नाही मिळाली तर छपरावर गवताच्या गाठींशेजारी जनरेटर चढवायचा. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम एवढी वीज मागतो की लहान जनरेटर जागीच मान टाकतो, म्हणून कॉम्प्रेसरला हळूहळू उठवणारं एक वेगळं उपकरण जोडावं लागतं. थंडीचा प्रकार आणखी निराळा. उत्तरेचं वारं सुटलं की इथे दुपारचा सदरा संध्याकाळी निरुपयोगी होतो. त्यासाठी प्रोपेन गॅसचा हीटर. त्याची ज्योत बंद पेटीत जळते आणि धूर बाहेर जातो, पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो. रात्रभर चालला की पहाटे गॅस शिल्लक, बॅटरी रिकामी, आणि बाई सगळे कपडे घालून पांघरुणात.

आणि घोडीचं काय? तिला खिडक्या आणि झरोके, बस. पाच ते पंचवीस अंश तापमान घोड्याला सुखाचं वाटतं. त्याहून थंडी वाढली तर पुढ्यात गवत जास्त टाकायचं. ते तिच्या मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यातून ऊब निर्माण होते. तिचा हीटर तिच्या पोटातच आहे, तोही बॅटरीवाचून. माणसाला वाटतं, बिचारी गारठेल, खिडक्या लावून घेऊ. मग आत दमट हवा कोंडते, मुताचा अमोनिया छातीत जातो आणि प्रेमापायी जनावर खोकू लागतं.

मला सारंगखेड्याची जत्रा आठवली. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, राजस्थान-पंजाबपासून व्यापारी येतात. मार्गशीर्षातली खानदेशी थंडी हाडांत शिरणारी. व्यापारी घोड्यांपासून दोन हातांवर घोंगडीत मुटकुळं करून पडलेले. कोणत्या घोड्याने कान हलवले, तेसुद्धा त्यांना झोपेत कळत असावं.

बाईंचा एसी सुरेख चालतो. खोली पहाडी गुहेसारखी गार होते, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला बाई तो बंद करून खिडकी उघडतात. घोडी बाहेरच्या अंगाला ट्रेलरलाच बांधलेली असते. गवताच्या जाळीला तोंड लावून सावकाश चघळत असते. ती एका पायाने जमीन उकरू लागली तर पोटशूळ असू शकतो, आणि तो वेळेवर कळला नाही तर घोडं हातचं जातं. एसीच्या घरघरीत ते उकरणं ऐकू येत नाही. एवढा खर्च करून घामाघूम झोपता, असं मी म्हणालो तेव्हा बाई म्हणाल्या, “संध्याकाळी दोन तास गार बसायला मिळतं की! रात्र तिची.”

तुम्हालाही अशी खोली सजवायची असेल तर खुशाल सजवा, हीटरही लावा. मात्र पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर कार्बन मोनॉक्साइडचा गजर आधी घ्या. तो विषारी वायू तुम्हालाच काय, घोडीलाही वासावरून ओळखता येत नाही.