गडी विकावा की पेवात घालावा?

कबड्डीत एक निर्दय नियम आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच. नाही आणला तर चढाईला गेलेला गडी बाद. हा नियम मॅटपुरताच आहे, हे सहकाराचं नशीब. वार्षिक सर्वसाधारण सभांना तो लावला असता तर कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या किती संस्थांत संचालक उरले असते, याचा हिशेब सुज्ञांनी मनातल्या मनात करावा. मोठ्यानं करू नये. संचालक पाहुण्यातलेच असतात.

तर असा तिसऱ्या चढाईचा एक गडी आमच्या मंडळाकडं आहे. नाव सांगत नाही, सांगितलं की भाव वाढतो. चाळीस मिनिटांच्या सामन्यात पहिली पस्तीस मिनिटं तो काय करतो हे पंचांनाही सांगता यायचं नाही. पण दोन गुणांनी मागं आहोत, दोन चढाया रिकाम्या गेल्यात आणि घड्याळ पळतंय, अशी वेळ आली की पब्लिक त्याच्या नावानं बोंबलायला लागतं. मग हा गडी हाताला माती चोळत पुढं येतो. बोनस रेषेपल्याड पाय, कोपऱ्यातल्या गड्याच्या मनगटाला बोट, आणि अंगावर पडलेल्या तिघांना ओढत मध्यरेषेवर हात. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, तिथं असं काम करणाऱ्या गोलंदाजाला क्लोजर म्हणतात. त्यानं शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात यायचं, तिघांना बाद करायचं, कोट्यवधी डॉलर घ्यायचे आणि घरी जायचं. आमच्या गड्याला घरी जाता येत नाही. पहाटे चारला त्याचा दुधाचा टेम्पो असतो.

या गड्याला आता दोन बाजूंनी मागणी आली आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या संघानं रोख रक्कम आणि सुरक्षा विभागात नोकरी देऊ केली आहे. नोकरी हंगामी आहे, पण कायमची हंगामी, असं त्यांनी स्पष्ट केलं. सांगलीकडच्या मंडळानं रोख कमी सांगितली, पण बदल्यात दोन तरणे कोपरारक्षक आणि एक वापरलेली मॅट. आमचं गाव दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. निम्म्या सोयरिकी कऱ्हाडकडं, निम्म्या वाळव्याकडं. त्यामुळं प्रश्न खेळाचा राहिला नाही. मारुतीच्या देवळात विशेष सभा बोलावली. राजकारण आणायचं नाही, असं अध्यक्षांनी सुरुवातीलाच बजावलं. अध्यक्ष स्वतः दोन पक्षांचे माजी तालुकाध्यक्ष आहेत.

पहिलं भाषण खजिनदारांचं. उभं आयुष्य सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत गेलेला माणूस. त्यांनी सरळ हरिपूरची पेवं काढली. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वरून तोंड बंद. हवा नाही, कीड नाही. भाव येईपर्यंत माल वर्षानुवर्षं सुखरूप. "पण २००५ च्या पुरात पेवात पाणी शिरलं," खजिनदार म्हणाले, "तवा भावाची वाट बघणाऱ्यांनी काय इकलं? चिखल! भाव चढलाय, माल काढा."

"गडी म्हंजे काय हळद हाय व्हय?" अध्यक्ष कडाडले.

"हळद पेवात बसून म्हातारी होत नाही," मागून प्रशिक्षक सर म्हणाले. "गुडघा होतो."

"मग ह्यो माझाच मुद्दा झाला की," म्हणत खजिनदार खाली बसले.

मग दाखल्यांची चढाओढ लागली. प्रो कबड्डीनं गावाला दोन गोष्टी दिल्या: घराघरांत कबड्डी आणि कट्ट्याकट्ट्यावर लिलावातले तज्ज्ञ. चिटणीसांनी मोबाईल काढून पाटण्याचा दाखला दिला. "पाटणचा कुठला संघ?" म्हणून एकानं विचारलं, कोयनेकाठचं पाटण नव्हे, बिहारचं पाटणा, हे समजावण्यात थोडा वेळ गेला. प्रदीप नरवालनं पाटणा पायरेट्सला लागोपाठ तीन किताब मिळवून दिले. २०१७ च्या एका हंगामात चढाईचे ३६९ गुण घेतले. त्याच प्रदीपला पाटण्यानं २०२१ मध्ये सोडलं आणि उत्तर प्रदेशच्या संघानं १ कोटी ६५ लाखांना उचललं. पाटणा बुडालं का? छे! त्याच हंगामात पाटणा प्रदीपशिवाय थेट अंतिम फेरीत.

"जिंकले का?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिल्लीकडून ३७-३६ असे हरले."

"एका गुणानं! आणि तो एक गुण कुणी आणला असता?"

सभागृहात टाळ्या. अध्यक्षांनी मग पुण्याचं प्रकरण काढलं, कारण पुण्याची फजिती सांगताना सातारा आणि सांगली यांचं एकमत होतं. पुणेरी पलटणनं २०२३ मध्ये मोहम्मदरेझा शादलुई हा इराणी गडी २ कोटी ३५ लाखांना घेतला. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ असं हरवून पुण्यानं पहिलाच किताब पटकावला. आणि गुलाल धुवायच्या आत शादलुईला मोकळा सोडला. हरलेल्या हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना नेला. पुढच्या डिसेंबरात अंतिम सामना कुठं? पुण्यात, बालेवाडीला. पलटण केव्हाच बाहेर पडलेली, आणि मॅटवर शादलुईच्या हरियाणानं पाटण्याला ३२-२३ असं लोळवून करंडक उचललेला. पुणेकरांनी तिकीट काढून बघितलं.

"आता बोला, विकायचा?" अध्यक्ष.

"२०२५ ला पुणं त्याच्याविनाच फायनलला गेलं," खजिनदार.

"तिथंही दिल्लीकडून हरलं. ३१-२८."

"तीनच गुणांनी."

"तीन गुण म्हंजे आपल्या गड्याची एक चढाई!"

अशा रीतीनं एकेका निकालातून दोन्ही बाजू जिंकत राहिल्या. पवन सेहरावतचाही विषय निघाला. तमिळ थलाइवाजनं २०२२ मध्ये त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लावली. संघानं २२ सामन्यांत २ जिंकले. "म्हणजे घेणारा बुडतो," खजिनदारांनी निष्कर्ष काढला, "मग इकणारा शहाणा." मग एका ज्येष्ठानं घरचा दाखला दिला. आपल्या कासेगावचा काशिलिंग आडके दिल्लीकडून खेळायचा. २०१७ ला यू मुंबानं ४८ लाखांना घेतला. तेव्हा दिल्लीकरांनी काय मारुतीच्या देवळात सभा भरवली होती?

एवढ्यात चिटणीसांच्या भाच्याचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला. भाचा बेसबॉलचा भक्त. त्यानं सांगितलं, की २०१६ च्या जुलैत न्यूयॉर्क यांकीजनी आपला क्लोजर अरोल्डिस चॅपमन शिकागो कब्जला दिला आणि बदल्यात चार खेळाडू घेतले. कब्जनी १०८ वर्षांनी विश्वविजेतेपद मिळवलं. आणि डिसेंबरात यांकीजनी त्याच चॅपमनला पाच वर्षांसाठी ८ कोटी ६० लाख डॉलर देऊन परत आणलं.

खजिनदार उभेच राहिले. "माल दिला, चार पोरं घेतली, आणि माल परत घरात? ह्या शेठला सांगलीच्या यार्डात आणा!"

"आणि ते आठ कोटी साठ लाख डॉलर?" कुणीतरी विचारलं.

"ते वर्गणीतनं काढू," चिटणीस म्हणाले.

राजकारण न आणण्याचा नियम इथं मोडला आणि ते बरंच झालं. खेळातले लिलाव बापडे फार सोवळे. त्यांना तारखा असतात, खर्चाची मर्यादा असते, हातोडा असतो. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली बदली बारमाही चालते. साताऱ्याचंच बघा. २०१९ च्या मे महिन्यात उदयनराजे राष्ट्रवादीकडून निवडून आले. सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. ऑक्टोबरात पोटनिवडणूक, शरद पवारांचं भर पावसातलं भाषण, आणि श्रीनिवास पाटलांकडून ८७ हजारांवर मतांनी पराभव. गडी बदलून घेणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण २०२४ ला तोच गडी, तोच नवा पक्ष, आणि ३२ हजारांवर मतांनी विजय. त्या निवडणुकीत समोरच्यांचं चिन्ह तुतारी आणि पिपाणीवाल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं. तेव्हा बदली शहाणपणाची होती की मूर्खपणाची, हे ठरवायला आधी वाद्यांचा अभ्यास लागतो.

सांगलीनं तर यावर कडी केली. २०२४ ला महाविकास आघाडीच्या वाटपात काँग्रेसनं वसंतदादांच्या सांगलीची जागाच मित्रपक्षाला देऊन टाकली. मित्रपक्ष शिवसेनेनं उतरवले चंद्रहार पाटील, दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले खरेखुरे पैलवान. वसंतदादांचे नातू विशाल पाटील बाकावर. ते उठले आणि लिफाफा घेऊन अपक्ष उतरले, एक लाखाच्या मताधिक्यानं जिंकले, पैलवान तिसरे. मग विजयी गड्यानं पाठिंब्याचं पत्र कुणाला दिलं? ज्यांनी बाकावर बसवलं त्या काँग्रेसलाच! पैलवानही पुढच्या वर्षी शिंदेंच्या शिवसेनेत गेले. संघव्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकात हा डाव सापडायचा नाही. सोडलेला गडी एकटा खेळून करंडक जिंकतो आणि तो घेऊन जुन्याच संघाच्या बसमध्ये चढतो, आणि चालक विचारतो, 'मागं जागा आहे, बसता का?'

गंमत म्हणजे दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या पोरानं कारखान्याच्या नोकरीसाठी संघ बदलला तर त्याला गद्दार म्हणायला गाव तयार होतं. नेता गेला तर जाताना एकदा आणि येताना एकदा फटाके लागतात, आणि दोन्ही वेळचा गुलाल एकाच दुकानातून उधार येतो.

आता मूळ प्रश्न. एका आगाऊ पोरानं उठून विचारलं, "गडी इकायचा म्हंता, पण आपण त्याला इकत घेतला कधी?" खजिनदारांनी वही उघडली. गड्यावर झालेला खर्च: गुडघ्याचा पट्टा, नग एक. दुसऱ्या गुडघ्याचा विषय मंजुरीसाठी प्रलंबित. शाल आणि नारळ; पैकी शाल पुढच्या सत्कारासाठी परत जमा. त्याखालोखाल फ्लेक्सचा खर्च, तो मात्र भक्कम. फ्लेक्सवर वरच्या ओळीत नेते, मधल्या ओळीत अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस आणि त्यांच्या पुतण्यांचे वाढदिवस, आणि अगदी तळाला, खांबाला बांधलेल्या दोरीच्या मागं, आमच्या गड्याचं अर्धं तोंड.

प्रशिक्षक सर इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पाटणा प्रदीपशिवाय अंतिम फेरीत गेलं, ते कुणाच्या जिवावर? डाव्या कोपऱ्यात एक इराणी पोरगं होतं. शादलुई. तोच पुढं पुण्यात आला, पुणं जिंकलं. तोच हरियाणात गेला, हरियाणा जिंकलं. आपण तासभर शेवटच्या चढाईचा भाव करतोय. पण सामना दोन गुणांच्या अंतरात आणून ठेवतं कोण? वीस गुणांनी मागं असलो तर तुमचा तिसऱ्या चढाईचा गडी काय करणार, बोनस घेऊन वरातीला जाणार? आपल्या डाव्या कोपऱ्याला कोण खेळतं, त्याचं नाव सांगा एकानं."

सभा विचारात पडली. अध्यक्षांनी चिटणीसांकडं बघितलं, चिटणीसांनी मोबाईलकडं. शेवटी नाव सांगितलं ते त्या डाव्या कोपऱ्यानंच. तो मघापासून सभेला चहा वाटत होता. गेल्या हंगामात सर्वांत जास्त पकडी त्याच्याच, हेही सरांनी सांगितलं. पोरगं लाजून उभं राहिलं, हातात तसाच ट्रे.

खजिनदारांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि हळूच सरांना विचारलं, "ह्याला काय भाव येईल?"

सभेच्या इतिवृत्तात पुढील ठराव सर्वानुमते नोंदले गेले.

ठराव १: तिसऱ्या चढाईचा गडी मंडळाची शान असल्यानं त्यास कोणत्याही परिस्थितीत विकू नये.

ठराव २: योग्य भाव आल्यास ठराव १ रद्द समजावा.

ठराव ३: सदर गड्याच्या दुसऱ्या गुडघ्याच्या पट्ट्याची तरतूद पुढील आर्थिक वर्षात करावी. तोवर त्यानं पहिल्या गुडघ्यावर खेळावं.

ठराव ४: डाव्या कोपऱ्याच्या गड्याचा फोटो फ्लेक्सवर घ्यावा, जागा उरल्यास.

ठराव ५: सातारा आणि सांगली, दोन्ही बाजूंशी बोलणी चालू ठेवावीत आणि दोघांनाही 'तुमचंच नक्की' असं सांगावं.

ठराव ६: विक्रीबाबत गड्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी पाच जणांची उपसमिती नेमावी. उपसमितीत गडी नसावेत.