कर्णाचा सोस

शिडी भिंतीला टेकलेली दिसली की मला भिंतीची उंची आणि शिडीच्या पायाचं अंतर विचारावंसं वाटतं. शिडीची लांबी मी सांगणार! कोणी विचारलेली नसते. टीव्हीच्या दुकानातही मी विक्रेत्याला ऐकवलं की ४३ इंच हा नुसता कर्ण; पडद्याची रुंदी जेमतेम साडेसदतीस इंच भरते. तो म्हणाला, "ईएमआय करायचा का?" बायको तोवर मिक्सर बघायला गेली होती. अशा वेळी ती नेहमी मिक्सरच बघते.

बाथरूमच्या फरशीचं काम निघालं तेव्हा मिस्त्रींनी कोपऱ्यापासून एका भिंतीशी ३ फुटांवर, दुसरीशी ४ फुटांवर पेन्सिलीने खूण केली आणि टेप तिरका ताणला. "पाच फूट एक इंच. कोपरा गुण्यात नाही साहेब, फाकलाय. कडेच्या फरश्या तिरक्या कापाव्या लागतील."

प्रमेयाचं नावसुद्धा न घेता! मी घाईघाईने म्हणालो, "नऊ अधिक सोळा पंचवीस, म्हणून पाच."

"तीन-चार-पाच," टेप गुंडाळत ते म्हणाले.

एवढ्यावर गप्प बसलो तर तो मी कसला? मी थेट ११५० सालात शिरलो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ९ हात उंच खांब आहे. वर मोर, बुडाशी सापाचं बीळ. साप उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हातांवरून बिळाकडे निघालेला. मोर तिरपा झेपावतो आणि दोघं सारखंच अंतर कापतात. तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? समीकरण मांडायची गरजच नाही, मिस्त्री! नवाचा वर्ग ८१, भागिले २७, आले ३. ते २७ मधून वजा करा, उरलेल्या २४ चे निम्मे करा. १२! आणि मोराची झेप १५ हात. नऊ-बारा-पंधरा, म्हणजे तुमचंच तीन-चार-पाच, तिपटीत!

मी टाळीसाठी थांबलो.

"म्हणजे घर १२ हातांवर राहिलं," मिस्त्री म्हणाले.

"कोणाचं?"

"सापाचं."

हे गणित मी लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, जो सापडेल त्याला ऐकवत आलोय. मोराची झेप हातवारे करून दाखवतो. साप घरी चालला होता, हे मात्र डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला तो फक्त भूमितीच्या सोयीसाठी सरपटत होता. मिस्त्री स्वतः बांधकामावरच राहतात. गावाकडचं त्यांचं घर स्लॅबपर्यंत येऊन थांबलंय.

"किती बाकी आहे?" मी विचारलं.

"विटांचं विचारताय की पैशांचं?" म्हणत त्यांनी कटर सुरू केला.

मला काही सुचेना. मग त्या कर्कश आवाजातच मी त्यांना वाऱ्याने मोडलेल्या ३२ हातांच्या वेळूचं गणित सांगायला घेतलं. शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकतो. तोही १२ हातांवरच मोडतो.